महजर ते पंचनामा

सीमाभागातल्या मराठी माणसाला भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानाची पाटी, मुलांची शाळा आणि जमिनीचा उतारा आठवतो. पण भाषेचा प्रश्न सर्वांत जिव्हारी लागतो तो फौजदारी कोर्टात. तिथे एका शब्दाच्या अर्थावर कुणाची सुटका तर कुणाची शिक्षा ठरते. गंमत अशी की, ज्या शब्दांवर हे सारे अवलंबून असते त्यांतले बरेचसे मुळात ना मराठीचे, ना कन्नडचे.

फिर्याद, वकील, जामीन, जप्ती, हजर, कैदी हे शब्दच पाहा. आपण 'जामीन' म्हणतो, शेजारचा कन्नड माणूस 'जामीनु' म्हणतो. आपला 'पंचनामा' त्याच्याकडे 'पंचनामे' होतो. बहामनी आणि पुढे आदिलशाही अमलात फारसी ही दरबाराची भाषा होती; तिच्या ओटीतून दोन्ही बहिणींनी हे शब्द घेतले. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. पण दाद मागायला आलेला रयत 'फिर्याद'च म्हणत राहिला.

या शब्दांत माझ्या विशेष आवडीचा शब्द म्हणजे 'महजर'. मराठेशाहीत मोठ्या गुन्ह्यांची शिक्षा सरकार देई. वतनाचे, हद्दीचे वाद मात्र गोतसभेपुढे येत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसून दोन्ही बाजू ऐकत. निवाड्याच्या कागदावर 'हाजिर मजालस' म्हणून बसलेल्यांची नावे येत, आणि ज्याला अक्षर येत नसे तो आपली निशाणी करी. पाटलाच्या नावाशी नांगर दिसतो तो असा. हा कागद म्हणजे महजर. 'हजर' आणि 'महजर' हे एकाच अरबी धातूचे शब्द आहेत. जे हजर होते त्यांनी ग्वाही देऊन केलेला, तो महजर.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखले जाणारे कायदे मुंबई इलाख्यात आले, १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला, १८६० मध्ये दंडसंहिता आणि १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेचा कायदा झाला. निवाडा आता मॅजिस्ट्रेट आणि सेशन्स जज्ज देऊ लागले. मग पंचाचे काय झाले? १८९८ च्या प्रक्रिया संहितेच्या १०३ व्या कलमाने सांगितले की, झडतीच्या वेळी त्या परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला हवेत. पंच राहिला, पण त्याचा निवाडा गेला. न्याय देणारा माणूस साक्षीदार झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. जुन्या म्हैसूर मुलखात पंचनाम्याला आजही 'महजरु' म्हणतात. महाराष्ट्रात 'महजर' इतिहाससंशोधकांच्या खंडांत उरला. कर्नाटकातल्या पोलिसांच्या कागदावर तो रोज लिहिला जातो. ज्या कागदाकडे आपण परका म्हणून पाहतो, त्याच्या माथ्यावर आपल्याच पूर्वजांच्या दप्तरातला शब्द असतो.

शब्द ओळखीचा असला तरी कागदातला मजकूर ओळखीचा असतोच असे नाही. खेड्यात पोलिसांना पंच हवा असला की आधी मास्तर आठवतात. माझ्याही सहीने काही पंचनामे झाले आहेत. मला कन्नड वाचता येते. पण शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते येत नाही, आणि तोही सही करतो. काही वर्षांनी त्याला समन्स येते. उलटतपासात तो प्रामाणिकपणे सांगतो, "कागद मला वाचून दाखवला नव्हता." सरकारी वकील त्याला 'फितूर' ठरवण्याची परवानगी मागतात. मराठेशाहीत शत्रूला मिळणाऱ्याला फितूर म्हणत. इथे तो शब्द एका सरळ माणसाच्या कपाळी येतो. शिवाय खटला लुळा पडतो, आणि ज्याच्या घरी चोरी झाली किंवा ज्याचा माणूस मारला गेला तो न्यायाला मुकतो. याच्या उलटही घडते: न समजता दिलेल्या सहीवर एखादा निरपराध अडकू शकतो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. 'चारसोवीस' आता ३१८ झाले, तरी लोकांच्या तोंडी ते चारसोवीसच राहील. पंचांचे कलम योगायोगाने पुन्हा १०३ आहे, आणि १०५ व्या कलमाने झडतीचे चित्रीकरण आवश्यक केले आहे. कोर्टात दिलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी आणि भाषा कळत नसेल तर समजावून सांगावी, हा नियम जुन्या कायद्यात होता, नव्यातही आहे. पण वाड्यावस्तीवर, रात्री कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात लिहिलेल्या पंचनाम्यापाशी कोर्टाचा दुभाषी नसतो. तिथे विचारावे लागते ते आपल्यालाच.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो की, कन्नड वाचायला शिका, आणि जोवर येत नाही तोवर "वाचून दाखवा, मराठीत सांगा" असे म्हटल्याशिवाय सही करू नका. नांगराची निशाणी करणाऱ्या पाटलाला अक्षर येत नव्हते. पण मजलशीत बसून त्याने दोन्ही बाजू ऐकल्या होत्या, आणि आपण कशाला ग्वाही देतो आहोत हे त्याला ठाऊक होते.