चाळीस पानांचा वाडा

आमची आजी वाडा पानांनी मोजायची. खण, माड्या, दारं यांच्याशी तिला घेणं नव्हतं. कुणाच्या घरी सोयरीक जुळली की तिचा पहिला प्रश्न, "त्यांच्या चौकात पानं किती बसतात?" कारंज्यातल्या आमच्या वाड्यात, दोन्ही ओसऱ्या धरून, चाळीस बसत.

कारंजा लाड हे पूर्वापार पैसेवाल्यांचं गाव. 1670 मध्ये सुरतेनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेनं ते लुटलं, तेव्हा सोनं-चांदी आणि उंची कापड न्यायला चार हजार बैल-गाढवं लागली. एका सावकारानं हवेलीच्या चुन्यात कस्तुरी कालवली, असं इथं अजून सांगतात. पुढे 1861 ते 65 च्या अमेरिकेतल्या यादवीनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला. गावोगावचे कितीतरी वाडे त्याच कापसावर उठले.

पण वाड्याची खरी ताकद मला स्वयंपाकघराच्या भिंतीत दिसली. तिथं बळद होतं. भिंतीतच बांधलेली ज्वारीची कोठी, खाली हातभर भोक, त्याला लाकडी दट्ट्या. दट्ट्या काढला की ज्वारी सळसळत सुपात यायची.

मी मीठ वाढायचो. वाढप्यांत सगळ्यात लहान पोराला तेच काम. पळसाच्या पत्रावळीवर आधी मीठ, मग लिंबू, डावीकडे ठेचा नि कोशिंबीर, उजवीकडे तेलानं लाल झालेली वांग्याची भाजी. वरणभातावर तुपाची धार पडली की श्लोक. अधिक महिन्यात जावई आले की पुरणाचा घाट. उन्हाळ्यात आमरसाबरोबर सरगुंडे. ते करायला बायका आठ दिवस आधीपासून बसायच्या, कणकेची वळी काडीवर गुंडाळून, अलगद सोडवून, सुपात वाळवायच्या. ती नजाकत मी पुन्हा कुठल्याही ताटात पाहिली नाही.

त्या बायका जेवायच्या शेवटी. पुरुष, मग पोरं, मग ढेलजेत सालदार, आणि चार वाजता, भाजी तळाला गेल्यावर, त्या. चाळीस पानांत त्यांचं पान कधी धरलेलंच नव्हतं. मला हे फार उशिरा खुपलं, याची खंत आहे.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची. पौषात आजीनं बळदाचा दट्ट्या काढला, तर मूठभर ज्वारी आली आणि थांबली. तिनं मला कंदील देऊन वरच्या तोंडातून आत उतरवलं. कोपऱ्याकोपऱ्यातून केरसुणीनं लोटून मी तीन पायल्या काढल्या. जुनी, धुरकट वासाची, पण आपली.

त्या रात्री पत्रावळी मांडल्या नाहीत. आजीनं सालदारांच्या बायकापोरांना बोलावून ओसरीवर बसवलं, आईला आणि काकूंना त्यांच्याच ओळीत बसवलं, आणि स्वतः वाढलं. भाकरी, अंबाडीची भाजी, चटणी. आजोबा ढेलजेत बसून राहिले. त्यांनी नंतर जेवण मागून घेतलं.

पुढे वाटण्या झाल्या, चौकात भिंत आली. माझ्या वाट्याला आली ती ओसरी. तिच्यावर अकरा पानं बसतात.