जुन्या लष्करी ट्रकचा आवाज : काय दाबावे, काय ऐकावे

लष्करातून निवृत्त झालेली वाहने लिलावात विकत घेऊन ती हौसेने बाळगणाऱ्यांचा एक मोठा वर्ग अमेरिकेत आहे. लष्करी वाहनांचे जतन करणारी ‘मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन’ ही संघटना तेथे १९७६ मध्ये स्थापन झाली. या हौशी मंडळींमध्ये सहाचाकी ओढीच्या ‘एम-३५’ ट्रकला मानाचे स्थान आहे. खडबडीत रस्त्यावर अडीच टन ओझे वाहण्याच्या क्षमतेवरून त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ असे टोपणनाव पडले. ट्रक दणकट, यंत्रणा साधी आणि सुटे भाग उपलब्ध, अशा अनेक गुणांनी हा छंद सुरू होतो. पहिला लांबचा प्रवास झाला की मात्र मालकाच्या तोंडी एकच तक्रार असते : आवाज.

आवाज कमी करण्याचे उपाय अनेक आहेत. परंतु कोणता उपाय आधी आणि कोणता नंतर, हा क्रम चुकला तर पैसा तर वाया जातोच, शिवाय ट्रक धोकादायकही होऊ शकतो.

ट्रकची ओळख

एम-३५ ची रचना मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथील रिओ मोटर कार कंपनीने केली आणि १९५० मध्ये तो सैन्यात दाखल झाला. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत तो वापरला गेला. हौशी लोकांकडे प्रामुख्याने दिसतो तो १९६० च्या दशकापासूनचा ‘एम-३५ए२’ हा नमुना. रिकाम्या ट्रकचे वजन सुमारे सहा टन, टायर दहा, विजेची यंत्रणा २४ व्होल्टची आणि कमाल वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर. त्यातील ७.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन डिझेलखेरीज इतर काही इंधनांवरही चालू शकते.

या इंजिनाचा वंश जर्मनीतील ‘मान’ कंपनीपर्यंत जातो. पिस्टनच्या माथ्यावर गोलाकार वाटी करून तिच्या भिंतीवर इंधनाचा पातळ थर पसरवायचा आणि ते एकदम भडकू न देता टप्प्याटप्प्याने जाळायचे, ही ती पद्धत. अशा ज्वलनामुळे डिझेलची नेहमीची ठकठक मंदावते. म्हणूनच जर्मनीत या पद्धतीच्या इंजिनांना ‘कुजबुजणारे इंजिन’ असे म्हटले गेले. भारतीय वाचकांना ‘मान’ हे नाव परके नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जबलपूरच्या आयुध निर्माणीत तयार होऊ लागलेला ‘शक्तिमान’ ट्रक याच कंपनीच्या परवान्याने बनत असे.

मग एवढा गोंगाट कशाचा?

कुजबुजणारे इंजिन असूनही केबिनमध्ये बोलणे ऐकू येत नाही, याचे कारण आवाज एका ठिकाणाहून येत नाही. टर्बोचार्जर हा त्याचा पहिला मानकरी. तो मुख्यतः धूर कमी करण्यासाठी बसवण्यात आला. त्यातील एका प्रकाराची शिटी इतकी तीक्ष्ण असते, की त्या ट्रकांना ‘शिटीवाले’ असेच म्हणतात. बहुतेक ट्रकांत टर्बोनंतर उभी सरळ नळी असते, वेगळा सायलेन्सर नसतो. त्यात गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचे गुणगुणणे, ठोकळेदार नक्षीच्या लष्करी टायरांची रस्त्यावरची घरघर, पत्र्याची थरथर आणि कॅनव्हासच्या टपाची फडफड मिसळते.

येथे डेसिबलचे गणित लक्षात घ्यावे लागते. सारख्याच तीव्रतेचे दोन आवाज असतील आणि त्यातील एक पूर्ण बंद केला, तरी एकूण पातळी केवळ तीन डेसिबलने उतरते. त्यामुळे एकाच उपायावर मोठा खर्च करणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशा येते.

आधी दुरुस्ती, मग अस्तर

जुन्या वाहनातील आवाज ही एक प्रकारची माहिती असते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळती असेल तर इंजिनाच्या लयीत टिकटिक ऐकू येते आणि त्याच वाटेने विषारी धूर केबिनपर्यंत पोहोचू शकतो. गिअर बदलताना ‘ठक्’ असा आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस झिजलेले असण्याची शक्यता असते. वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते, तर गिअरबॉक्सचा कर्कशपणा वाढला की आधी ऑइलची पातळी पाहावी. या खुणांवर फोमचे अस्तर चढवणे म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

दुरुस्तीनंतरचा क्रम असा ठेवता येतो. प्रथम इंजिन व केबिनच्या माउंटिंगचे कडक झालेले रबर बदलावे आणि सैल बोल्ट, दारे, बॉनेट आवळून घ्यावे. त्यानंतर फटी बुजवाव्यात. आवाज अडवणाऱ्या भिंतीचा केवळ एक टक्का भाग उघडा राहिला, तरी भिंत कितीही जाड असो, वीस डेसिबलपेक्षा अधिक आवाज अडत नाही. म्हणून पेडलची छिद्रे, गिअरच्या दांड्यांभोवतीचे रबरी बूट आणि वायरिंगची भोके यांची डागडुजी हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो.

पत्र्याची थरथर थांबवण्यासाठी अॅल्युमिनियमचे आवरण असलेले ब्यूटाइल रबर चिकटवता येते. त्यावर जड रबरी चटई अंथरावी, मात्र ती उचलता येईल अशीच असावी. खाली पाणी साचले तर पत्रा गंजतो. इंजिनाच्या बाजूला साधा फोम लावू नये, कारण ऑइल प्यायलेला फोम पेट घेऊ शकतो. सायलेन्सर बसवायचा असल्यास तो पुरेशा मोठ्या व्यासाचा हवा. धुराची वाट कोंडली तर इंजिनाचे तापमान वाढते, म्हणून अनेक जण एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मापक बसवतात. रेडियल टायरांनी रस्त्याची घरघर कमी होते, पण खर्च मोठा आहे.

शांततेपेक्षा ब्रेक महत्त्वाचे

एम-३५ए२ चे ब्रेक हवेच्या दाबाची मदत घेणारे हायड्रॉलिक आहेत आणि त्यांचा मार्ग एकेरी आहे. कुठेही एक नळी फुटली तर सर्व चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यानंतर उरतो तो ट्रान्स्फर केसमागे प्रॉपेलर शाफ्टला पकडणारा हँडब्रेक. त्यामुळे केबिन सजवण्याआधी ब्रेकच्या नळ्या, होज आणि चाकातील सिलिंडर यांवर खर्च करणे शहाणपणाचे. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात सिलिकॉनयुक्त ‘डॉट-५’ ब्रेक ऑइल स्वीकारले. त्यात दुसऱ्या प्रकारचे ऑइल मिसळू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. चाकांच्या रिमवरील कडी हवा भरताना निसटली तर जीव जाऊ शकतो. हे काम संरक्षक पिंजऱ्यातच करावे.

रोजची सवय

या छंदातील सर्वांत मोठी सोय म्हणजे लष्कराच्या तांत्रिक पुस्तिका. ट्रक निघण्यापूर्वी, चालताना आणि परतल्यावर काय पाहायचे, याच्या याद्या त्यांत दिलेल्या आहेत. ऑइल, पाणी, हवेच्या टाकीतील साचलेले पाणी, टायर, गळती, ग्रीसच्या निपल ही त्यातील नेहमीची कलमे. देखभालीचे महत्त्व सैनिकांना पटावे म्हणून १९५१ पासून ‘पीएस’ नावाचे मासिकही निघत असे. व्यंगचित्रकार विल आयस्नर यांनी सुरुवातीची वीस वर्षे त्याला चित्रकथांचे रूप दिले.

विजेच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. २४ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरच १२ व्होल्टचा रेडिओ जोडला, तर दोन्हींचे चार्जिंग असमान होऊन त्या लवकर खराब होतात. त्यासाठी कन्व्हर्टर वापरावा.

कानांची मर्यादा

एवढे करूनही हा ट्रक मोटारीसारखा शांत होणार नाही. अमेरिकेत व्यावसायिक वाहनांच्या चालकाच्या आसनापाशी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मात्र व्यावसायिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंतच ऐकावा आणि पुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. ९४ डेसिबलला तो एका तासावर येतो. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. त्यामुळे केबिनमध्ये प्रत्यक्ष मोजमाप करावे आणि लांबच्या प्रवासात कानात बोळे घालण्यात कमीपणा मानू नये.

तथापि बोळे घालण्यापूर्वी पहिले काही किलोमीटर ट्रक उघड्या कानांनी ऐकावा, ही सवय उपयोगी पडते. आपल्या ट्रकचा नेहमीचा आवाज ज्याला पाठ असतो, त्याला नवा आवाज लगेच कळतो आणि दुरुस्ती रस्त्याच्या कडेला न होता घराच्या अंगणात होते. लिलावातील जुनी जीप सांभाळणाऱ्या आपल्याकडील हौशी मंडळींनाही हाच क्रम लागू पडतो.