आमच्या वऱ्हाडी घराची घडण आणि मुलांचे स्वावलंबन

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर द्यावा, अशी चिटणिसांची सूचना आली, तेव्हा वंशावळी आणि सनदा बाजूस ठेवून खुद्द घराचाच इतिहास मांडावा असे आम्ही ठरविले. ज्या घरात आपण लहानाचे मोठे झालो त्याची व्यवस्था कशी होती, ती कशाने पालटली आणि त्यात मुलाबाळांच्या पदरी काय पडले, याचा विचार ज्ञातीत फारसा झालेला नाही.

आमचे अमडापूर हे चिखली तालुक्यातील घाटावरचे गाव. टेकडीवरील बल्लाळदेवीमुळे त्याचे नाव पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक आहे. येथील जुने घर म्हणजे धाब्याचे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी सरांवर मातीचे छत, पुढे अंगण, मग ओसरी, आत माजघर, त्याला लागून देवघर व चूल. भिंतीच्या पोटात ज्वारीचे बळद, कोपऱ्यात कणगी. उन्हाळ्यात आत गारवा राही. पावसाळ्यात धाबे गळू लागले की रात्री-अपरात्री घमेलेभर माती घेऊन वर चढावे लागे, आणि हे काम बहुधा घरातील दहाबारा वर्षांच्या मुलाकडे येई, कारण तो वजनाने हलका!

या घरात जे काही होते ते सर्वांचे होते. धान्याची किल्ली थोरल्या बाईच्या कमरेला आणि पैशाची कर्त्या पुरुषाच्या करदोड्याला. मुलाला स्वतःची अशी जागा म्हणजे फार तर भिंतीतील एक खुंटी. तरी ते मूल निरुद्योगी नव्हते. सहाव्या वर्षी वासरे राखणे, आठव्या वर्षी कापूस वेचणे, मुलीने धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरणे, हे चालतच असे. आजच्या मुलांना काही येत नाही आणि पूर्वीची मुले स्वावलंबी होती, असे समाजाच्या प्रत्येक संमेलनात कोणीतरी म्हणतोच. हे म्हणणे आम्हांस अर्धेच खरे वाटते. जुन्या घराने मुलाचे हात स्वावलंबी केले. त्याचे मत मात्र कोणी विचारले नाही. शिकावे काय, लग्न कोणाशी, शेतात काय पेरावे, यांतील एकही गोष्ट वयाच्या तिशीपर्यंत त्याच्या हाती नसे.

ही घडी प्रथम विसकटली ती कापसाने. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि तिकडचा कापूस बंद पडल्याने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला. घाट उतरून खामगावच्या बाजारात गेलेली गाडी परतताना रोख रुपये घेऊन येऊ लागली. बळदातील ज्वारी घरातच खाल्ली जाते. रुपया मात्र बाहेर जातो. त्या रुपयावर एखादा मुलगा खामगावास, अकोल्यास, अमरावतीस शिकावयास गेला, वकील झाला, मास्तर झाला, आणि पगार घेऊ लागला.

येथे एक प्रश्न उभा राहिला, तो आजही मिटलेला नाही. हा पगार कोणाचा? हिंदू धर्मशास्त्राच्या तत्कालीन अर्थाप्रमाणे, समाईक पैशातून ज्याने विशेष विद्या मिळविली त्याची त्या विद्येवरची कमाईही समाईकच. 1921 साली प्रिव्ही कौन्सिलने गोकुळचंद विरुद्ध हुकुमचंद या खटल्यात एका आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या कमाईबाबत हेच ठरविले. म्हणजे जिल्ह्याचा कारभार हाकणारा मनुष्य आपल्या पगाराचा एकटा धनी नव्हे! शिकलेल्या वर्गात मोठी खळबळ झाली. पुढे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी विधिमंडळात विधेयक आणले व 1930 साली विद्याधनाचा कायदा झाला. विद्येने मिळविलेले धन, शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, मिळविणाऱ्याचेच, असे त्याने ठरविले. आमच्या मते वऱ्हाडी घरातील मुलगा कायद्याने मोठा झाला तो तेव्हा. नावापुरते निजामाचे असलेल्या वऱ्हाडात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे स्वतंत्र हुकुमाने लागू होत, तो भाग निराळा. वारे तिकडूनच आले.

परंतु पगार हाती आला म्हणजे मूल स्वतंत्र झाले असे नव्हे. स्वतंत्र वृत्ती पाच वर्षांच्या आत रुजते, हे सांगणारी बाई आपल्या वऱ्हाडातही काही काळ राहून गेली. ताराबाई मोडक (1892–1973) यांचा संसार अमरावतीस वकिलाच्या घरी मांडला गेला होता. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 साली त्यांनी बोर्डी येथे, अनुताई वाघ यांना सोबत घेऊन, काम आरंभिले व 1957 मध्ये ते डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच रूढ झाले आणि 1975 साली सरकारी योजनेने ते देशभर नेले.

आम्ही शाळेत शिकवीत असताना ताराबाईंच्या पद्धतीतील एक गोष्ट पालकांना वारंवार सांगत असू, कारण तिला पैसा लागत नाही. घरातील वस्तू मुलाच्या हाताला लागतील अशा ठेवाव्यात. खुंटी खाली ठोकावी, तांब्या लहान द्यावा, केरसुणीची दांडी आखूड असावी, दप्तराला ओसरीत ठरलेली फळी असावी. मुलाने पाणी सांडले तर पुसावयाचे फडके त्यालाच सापडले पाहिजे. आई धावून पुसू लागली की शिकवणी संपली. आता धाबे जाऊन स्लॅब आला, प्रत्येकाला खोली मिळाली. पण फळी अजून बापाच्याच उंचीची असते.

मुलींचे प्रकरण या सर्वांहून अवघड. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीस बापाच्या मिळकतीत वारस मानले, तरी समाईक कुटुंबात ती जन्मतः हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून अविवाहित मुलींना तो हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर, विवाहितांसह, लागू झाला. आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की हा हक्क जन्मानेच येतो, त्या तारखेस बाप हयात असण्याची अट नाही. कागद इतका स्पष्ट. तरीही बाप गेल्यावर तेराव्याचे जेवण आटोपते न आटोपते तोच बहिणींना तलाठ्याकडे, दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, हे आपल्या ज्ञातीत सर्वांस ठाऊक आहे. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर कोणाचीच तक्रार नाही. परंतु वाचून न दाखविलेल्या कागदावर आणि माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला आम्ही राजीखुशी म्हणत नाही. ज्या मुलीला आपण बी.एड., परिचारिका, अभियंता केले, ती स्वतःच्या घरातील कागद वाचल्यावाचून सही करते, मग लहानपणी तिच्यासाठी खाली ठोकलेली खुंटी कोणत्या कामाची?

काही वडीलधाऱ्यांना हा विषय स्मरणिकेत नको वाटेल. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत हक्कसोडपत्राचा विषय घ्यावा, सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखविण्यासाठी प्रत्येक गावी मंडळाच्या दोन भगिनी नेमाव्यात आणि सहीसाठी निदान सहा महिने थांबावे, अशी विनंती आम्ही चिटणिसांना लेखी केली आहे.