पागेतील सलोखा
शिवाजी महाराजांच्या काळच्या मराठी घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, असा भेद असे. बारगिरांचे घोडे पागेत, म्हणजे सरकारी अश्वशाळेत, राहत. सभासदाच्या बखरीनुसार दर २५ बारगिरांवर एक हवालदार असे, तर तितक्याच घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद असे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीला धाडलेल्या पत्रात महाराजांनी दाणा-वैरण पावसाळाभर पुरवण्याची, रयतेस न लुबाडण्याची आणि गवताच्या गंजीपासून विस्तव दूर ठेवण्याची ताकीद दिली. वैरणीचा चोख हिशेब हाच पागेतील सलोख्याचा पाया होता.