करोडगिरी, कलदार आणि खिदमतमाश

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की अर्ध्या वाटेच्या आसपास तामलवाडीचा टोलनाका लागतो. फास्टॅग वाचला जातो, दांडा वर होतो, गाडी पुढे सरकते. आई भवानीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाला आपण एक जुनी सरहद्द ओलांडली, याचा पत्ताही लागत नाही. 1947 पर्यंत सोलापूर इंग्रजांच्या अमलाखाली होतं आणि तुळजापूर तालुका 1948 पर्यंत निजामाच्या. सोलापूरकडचे लोक पलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. निजामाचं राज्य गेलं, पण कचेरीतले आणि बाजारातले त्याचे शब्द इथल्या बोलण्यात आणि सातबाऱ्यात मुरलेले आहेत.

सरहद्दीवर माल अडवला जायचा तो करोडगिरीच्या नाक्यावर. हैदराबाद संस्थानाच्या सीमाशुल्क खात्याचं नावच करोडगिरी. या शब्दाचं मूळ अकबराच्या कारभारात आहे. सोळाव्या शतकात त्याने मुलखाची विभागणी अशी केली की एकेका भागातून एक कोटीचा वसूल यावा. त्या भागाचा अंमलदार तो करोडी. पुढे दख्खनेत कोटीचा हिशेब मागे पडला आणि करोडगिरी म्हणजे नाक्यावरची वसुली, एवढाच अर्थ उरला. संस्थानाविरुद्ध लढणाऱ्यांना हे नाके म्हणजे निजामी सत्तेची खूण वाटत. म्हणूनच 1947-48 च्या लढ्यात सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने नळदुर्गकडे शिरल्या आणि चारच दिवसांत, 17 तारखेला, निजामाने शरणागती पत्करली.

‘जकात’ या शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा. मुळात ती मुसलमानांनी आपल्या संपत्तीतून गोरगरिबांसाठी काढायची धार्मिक देणगी. त्या अरबी शब्दात शुद्धी आणि वाढ हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मात्र जकात म्हटलं की डोळ्यांपुढे नाका, पावती आणि थांबलेला ट्रकच उभा राहतो.

नाका ओलांडला की नाणंही बदलायचं. निजामाचा रुपया तो हाली सिक्का. ‘हाल’ म्हणजे सध्याचा काळ. हाली, म्हणजे चालू चलनातला. विसाव्या शतकातल्या हाली रुपयावर चारमिनार उमटवलेला असे. इंग्रजी रुपया तो कलदार. कल म्हणजे यंत्र, म्हणून कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. सहा कलदारांना सात हाली, असा ठरलेला भाव. सोलापूरच्या पेठेत ज्वारी विकून एखाद्याने साठ कलदार गाठीला बांधले, तर आपल्या गावी त्याचे सत्तर हाली व्हायचे. पण सावकाराचं देणं कोणत्या रुपयात ठरलंय, हे खतावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर? साठांच्या देण्यामागे साडेआठ कलदारांहून जास्त फरक पडायचा. त्यामुळे रुपयाच्या आकड्याइतकंच त्यापुढचं ‘हाली’ किंवा ‘कलदार’ महत्त्वाचं. संस्थान गेल्यावरही हाली लगेच बाद झाला नाही. त्याचं चलन पूर्णपणे संपायला 1959 उजाडलं.

जमिनीच्या कागदात तर शब्द अजून जिवंत आहेत. मराठवाड्यातल्या इनाम जमिनींत दोन नावं नेहमी भेटतात : मदतमाश आणि खिदमतमाश. ‘माश’ म्हणजे उपजीविका. एखाद्या माणसाच्या चरितार्थाला मदत म्हणून दिलेली जमीन ती मदतमाश. मंदिर, मशीद, दर्गा यांची खिदमत, म्हणजे सेवा, चालावी म्हणून दिलेली ती खिदमतमाश. पहिलीत माणूस धनी, दुसरीत देवस्थान. कसणारा हा सेवेकरी. हैदराबादचा 1954 चा इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याचा कायदा आला, तरी हा फरक मिटला नाही. जमीन विकता येईल का, वारसांच्या नावावर लागेल का, याचं उत्तर आजही या एका शब्दाशी येऊन थांबतं.

हे शब्द ज्या कागदांवर आहेत ते खासरा पत्रक, पाहणी पत्रक बरेचदा उर्दूत असतात. साल फसली असतं. फसल म्हणजे पीक. पिकाच्या हंगामावर बेतलेलं हे वर्ष. त्यात 590 मिळवले की इसवी सन निघतो : 1344 फसली म्हणजे 1934. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकाळचं दप्तर उघडलं गेलं, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज भासू लागली. पिवळ्या पडलेल्या कागदावर वाचणाऱ्याचं बोट उजवीकडून डावीकडे सरकतं : गाव, सर्व्हे नंबर, कुळाचं नाव. शेजारी बसलेला शेतकरी बोटाकडे टक लावून असतो आणि प्रत्येक रकान्यापाशी विचारतो, “इथं काय लिहिलंय?”