भ्रूणीय मूलपेशी संशोधन : नैतिक बाजू
फलनानंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातील पेशींपासून शरीरातील कोणतीही ऊती घडू शकते. मधुमेह, कंपवात, दृष्टिपटलाचे विकार यांवरील उपचारांची आशा या पेशींवर आहे. मात्र पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो. मुख्य वाद हाच.

मुंबईतील परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील दीपा भारतीय यांच्या गटाने ‘किंड-१’ व ‘किंड-२’ या मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या पेशीमालिका तयार केल्या (२००९). त्या शोधनिबंधाच्या सहलेखिका इंदिरा हिंदुजा यांनी १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात परीक्षानलिका-बालकाचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) जन्म घडवला होता. हा दुवा महत्त्वाचा आहे, कारण संशोधनाला लागणारे भ्रूण वंध्यत्वोपचारांत उरलेले असतात.

मूलपेशी संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दात्यांची लेखी संमती आवश्यक असून मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवता येत नाही. मात्र नुसती कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्यातून उपचारांसाठी मोठ्या शहरात गेलेल्या जोडप्याला उरलेल्या भ्रूणांचे काय होणार हे सोप्या मराठीत सांगितलेच पाहिजे, आणि नकार दिल्यास उपचार थांबणार नाहीत हेही. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या २००६ च्या शोधानंतर भ्रूण नष्ट न करता प्रौढ पेशींपासूनही भ्रूणीय मूलपेशींसारख्या पेशी बनवता येतात. तरी तुलनेसाठी भ्रूणीय पेशी लागतातच.