खंड, व्याज की किंमत? सातारा-सांगलीतील शर्तीची खरेदी आणि प्राप्तिकर

जमीन कसणारा दरवर्षी जी रक्कम देतो, तिला कोणते नाव द्यावयाचे, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. परंतु जमिनीची मालकी व रक्कम घेणाऱ्यावरील कर हे दोन्ही त्या नावावर अवलंबून असल्याचे सातारा व सांगली भागाच्या इतिहासावरून दिसून येते.

एकोणिसाव्या शतकात शेतकरी कर्जापोटी आपली जमीन सावकारास शर्तीने खरेदी देत असे. ठरलेल्या मुदतीत पैसे फेडल्यास जमीन परत मिळावयाची, अशी बोली असे. जमीन मात्र तोच कसत राही आणि कबुलायत लिहून देऊन सावकाराचे कूळ बने. कागदावर हा खंड होता. व्यवहारात ते बहुधा कर्जाचे व्याजच असे. १८७५ च्या दंग्यांनंतर आलेला १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांना लागू झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवे, तासगाव व खानापूर हे तालुके त्या वेळी साताऱ्यातच होते. या कायद्याने न्यायालयास कर्जाचा मूळपासून हिशेब घेण्याचा अधिकार दिला. पुढे जोडलेल्या कलम १०-अ नुसार खरेदीखतामागील व्यवहाराचे खरे स्वरूपही तपासता येऊ लागले. व्यवहार गहाणाचा ठरल्यास दिलेली रक्कम कर्जाच्या हिशेबात धरली जाई; विक्रीचा ठरल्यास खंड कितीही वर्षे भरला तरी जमीन परत येत नसे.

कराच्या बाजूने पाहता नेमका उलटा ओढा दिसतो. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने सारा भरणाऱ्या शेतजमिनीचा खंड करमुक्त ठेवला, सावकारीचे व्याज मात्र करपात्र ठरविले. ही सूट १९२२ व १९६१ च्या कायद्यांतही कायम राहिली. दरभंग्याच्या महाराजांच्या प्रकरणात १९३५ साली प्रिव्ही कौन्सिलने ताबेगहाणाच्या जमिनीचे उत्पन्न, घेणारा सावकार असला तरी, शेतीचेच मानले. म्हणजे ‘खंड’ हा शब्द सावकारास दोन्हीकडून सोयीचा होता: त्याने मालकी बळकट होई आणि कराची मागणीही टळे.

तिसरे नाव मुंबई कूळवहिवाट कायद्याने दिले. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी, काही अपवाद वगळता, कुळाने जमीन विकत घेतली असे मानण्यात आले. किंमत साऱ्याच्या २० ते २०० पटींच्या मर्यादेत, कायम कुळांसाठी खंडाच्या सहापट, ठरावयाची होती. हप्त्यांवर साडेचार टक्के सरळ व्याज होते. काल खंड देणारा आज किमतीचा हप्ता देऊ लागला. हप्त्यातील मुद्दल हे उत्पन्न नव्हे, आणि शेतजमीन तेव्हा भांडवली नफ्याच्या करातूनही वगळलेली होती. त्यावरील व्याजास मात्र खंडाची सूट लागू होणे कठीण. कारण थकलेल्या खंडावरील व्याजसुद्धा शेतीचे उत्पन्न नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९४८ साली ठरविले होते.

यावरून अभ्यासकाने एक सावधगिरी घ्यावयास हवी. वहीत किंवा विवरणपत्रात ‘खंड’ असे लिहिलेले आढळले, तर ते व्यवहाराचे वर्णन न मानता एका पक्षाचा दावा मानावे, आणि त्याच्या शेजारी खरेदीखत, कबुलायत व न्यायालयाचा हुकूम ठेवून पाहावे. ज्याच्या हातून जमीन गेली, त्याची बाजू बहुधा या तीन कागदांमधील विसंगतीतच सापडते.